मोठ्या मेलिंग लिस्टमधले बाउन्स ईमेल: कोणते पत्ते काढायचे, कोणते ठेवायचे?

एकाच वेळी हजारो लोकांना ईमेल पाठवणं हे आता फक्त मोठ्या कंपन्यांचं काम राहिलेलं नाही. कॉलेजचा माजी विद्यार्थी संघ, तालुक्यातली शेतकरी उत्पादक कंपनी, स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका, सहकारी संस्था, अशा सगळ्यांकडे सदस्यांच्या ईमेलची यादी असते. आणि ती सांभाळायचं काम बहुतेक वेळा गटातल्या सगळ्यात तरुण सदस्याच्या गळ्यात पडतं, कारण "तुला मोबाइलमधलं कळतं ना!"

मग होतं काय, तर वार्षिक सभेची नोटीस पाठवली की पाच मिनिटांत 'मेलर-डीमन' नावाच्या कुणाकडून पन्नास-साठ मेल येऊन पडतात. बरेच जण ते कचरा समजून डिलीट करतात. काही जण उलट टोक गाठतात आणि त्यातला प्रत्येक पत्ता यादीतून उडवून टाकतात. मित्रांनो, दोन्ही चूक आहे. पहिल्या प्रकारात तुमचे मेल हळूहळू सगळ्यांच्याच स्पॅममध्ये जायला लागतात. दुसऱ्या प्रकारात एखादा चांगला, जिवंत पत्ता यादीतून जातो आणि त्या माणसाला सभा कधी झाली हेही कळत नाही.

म्हणून बाउन्स नीट वाचायचा कसा आणि त्यावर काय करायचं, ते या लेखात पाहूया.

## बाउन्स म्हणजे नेमकं काय?

तुम्ही पाठवलेला मेल समोरच्या इनबॉक्सपर्यंत पोहोचला नाही, तर सर्व्हर तुम्हाला तसं कळवणारा एक मेल परत पाठवतो. त्यालाच बाउन्स म्हणतात. हा मेल माणूस लिहीत नाही, यंत्र लिहितं.

ईमेललाही पत्रासारखं पाकीट असतं. आपल्याला स्क्रीनवर 'प्रेषक' म्हणून जे नाव दिसतं ते आतल्या पत्रावरचं. पाकिटावरचा परतीचा पत्ता वेगळा असू शकतो, आणि बाउन्स नेहमी या पाकिटावरच्या पत्त्यावर येतो. खुद्द बाउन्सच्या पाकिटावर मात्र परतीचा पत्ता मुद्दाम रिकामा ठेवतात. नाहीतर बाउन्सचा बाउन्स, त्याचा पुन्हा बाउन्स, असे दोन सर्व्हर एकमेकांना कायम मेल पाठवत बसले असते.

## पोस्टमन समजून घेतो, सर्व्हर घेत नाही

धाराशिव जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राच्या मंजुरीनंतर उस्मानाबाद शहराचं नाव धाराशिव झालं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारच्या अधिसूचनेने जिल्ह्याचंही नाव बदललं. आजही पाकिटावर कुणी 'उस्मानाबाद, ४१३५०१' लिहिलं तर पत्र पोहोचतं. पिनकोड तोच आहे आणि पोस्टमनला दोन्ही नावं माहीत आहेत.

ईमेलचं तसं नाही. पत्त्यातलं एक अक्षर बदललं की सर्व्हरच्या दृष्टीने तो पूर्ण वेगळा पत्ता. गावाचं नाव बदलल्यामुळे कोणाचाही ईमेल आपोआप बदलत नाही, आणि एखाद्या संस्थेने आपला पत्ता बदलला तर जुना आपोआप नव्याकडे वळतही नाही. तशी सोय कोणीतरी मुद्दाम करून ठेवावी लागते.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा.

- शीटमध्ये सरसकट 'शोधा आणि बदला' करू नका. एखाद्या दुकानदाराने दहा वर्षांपूर्वी जीमेलवर पत्ता काढताना त्यात 'उस्मानाबाद' घातलं असेल, तर तो पत्ता आजही तसाच चालू आहे. तुम्ही त्यात 'धाराशिव' टाकलं तर चालू पत्ता बंद पडेल. त्याहून वाईट म्हणजे तो मेल दुसऱ्याच कुणाकडे जाईल.
- तुमच्या संस्थेने नाव बदललं असेल तर जुनं डोमेन लगेच सोडू नका. निदान वर्ष-दोन वर्षं ते चालू ठेवून त्यावरचे मेल नव्या पत्त्यावर वळवा. डोमेन सोडलं की ते दुसरं कोणीही विकत घेऊ शकतं, आणि तुमच्यासाठी आलेले मेल त्याच्याकडे जाऊ शकतात.

## बाउन्सचे तीन प्रकार

टपाल परत येतं तेव्हा त्यावर शेरा असतो. बाउन्सवरही असतो, फक्त तो आकड्यांत असतो. या कोडचा पहिला अंक बघायचा. ४ असेल तर अडचण तात्पुरती, ५ असेल तर सर्व्हरचं म्हणणं 'कायमचा नकार'.

१. 'असा कोणी इथे राहत नाही' (हार्ड बाउन्स)
- कोड ५५० ५.१.१: या नावाचा इनबॉक्सच नाही. टायपिंगची चूक, बंद झालेलं खातं किंवा नोकरी सोडलेल्या माणसाचा ऑफिसचा पत्ता.
- कोड ५.१.२: अॅट चिन्हानंतरचं डोमेनच सापडत नाही.

२. 'दार बंद आहे' (सॉफ्ट बाउन्स)
- कोड ४.२.२ किंवा ५.२.२: इनबॉक्स भरला आहे. गूगलची १५ जीबी मोफत जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते. फोटो-व्हिडिओंनी ती भरली की मेल येणं थांबतं. दुसऱ्या कोडचा पहिला अंक ५ असला तरी माणूस तिथेच आहे, म्हणून हा पत्ता काढायचा नाही.
- कोड ४२१ किंवा ४५१: समोरचा सर्व्हर व्यस्त आहे किंवा 'जरा वेळाने या' म्हणतोय.

यात तुमचा सर्व्हर स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. ईमेलच्या मूळ नियमावलीत हा प्रयत्न किमान चार-पाच दिवस चालू ठेवावा असं सुचवलं आहे. जीमेल आधी 'डिलिव्हरी अपूर्ण, अजून इतके तास प्रयत्न करू' असं कळवतं. तो अंतिम निकाल नाही, त्यामुळे तो पाहून लगेच काही करायची गरज नसते.

३. 'घेण्यास नकार' (ब्लॉक)
- कोड ५.७.१, ५.७.२६ असे ५.७ ने सुरू होणारे: पत्ता बरोबर आहे, माणूसही आहे, पण सर्व्हरला तुमच्यावर विश्वास नाही. मेल स्पॅमसारखा वाटला असेल किंवा तुमच्या डोमेनची ओळख पटली नसेल.

सगळ्यात जास्त गोंधळ या तिसऱ्या प्रकारात होतो. कोड ५ ने सुरू होतो म्हणून लोक पत्ता काढून टाकतात. पण दोष त्या पत्त्याचा नसतोच, तो पाठवणाऱ्याचा असतो. ब्लॉक आला तर यादीला हात लावू नका, आधी स्वतःची सेटिंग्ज तपासा.

## फोनवर बाउन्स कसा शोधायचा?

जीमेल अॅपच्या सर्चमध्ये इंग्रजीत 'मेलर-डीमन' टाइप करा, सगळे बाउन्स एका खाली एक दिसतील. एखादा उघडला की वर सोप्या भाषेत कारण असतं. खाली 'रिस्पॉन्स' या शब्दानंतर बारीक अक्षरात खरा कोड असतो. निर्णय घ्यायचा तो हा कोड बघून, वरच्या मथळ्यावरून नाही.

बाउन्स वेगळ्या लेबलमध्ये आपोआप जावेत असा फिल्टर जीमेलच्या मोबाइल अॅपमधून बनवता येत नाही. त्यासाठी एकदा ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट उघडावी लागते.

## यादी मोठी असली की बाउन्स महाग का पडतो?

दहा मित्रांना मेल पाठवताना एक पत्ता चुकला तर काही बिघडत नाही. हजारोंच्या यादीत मात्र समोरचा सर्व्हर तुमच्यावर नजर ठेवून असतो. स्पॅम पाठवणारे लोक कुठूनतरी मिळवलेल्या जुन्या याद्या वापरतात, त्यामुळे त्यांचे बाउन्स खूप असतात. तुमचेही बाउन्स खूप असतील, तर यंत्राला तुमच्यात आणि त्यांच्यात फरक कसा कळणार?

समजा तुमच्या यादीत १०,००० पत्ते आहेत आणि त्यातले ६०० हार्ड बाउन्स झाले. म्हणजे ६ टक्के. अॅमेझॉनच्या ईमेल सेवेत हे प्रमाण ५ टक्क्यांवर गेलं की खातं तपासणीखाली येतं, आणि १० टक्क्यांवर गेलं की पाठवणं थांबवलं जाऊ शकतं. म्हणजे ६०० मेलेल्या पत्त्यांमुळे उरलेल्या ९,४०० लोकांचे मेलही अडचणीत येऊ शकतात.

शिवाय काही जुने, बंद पडलेले पत्ते ईमेल कंपन्या नंतर सापळा म्हणून वापरतात. त्यावर मेल आला की पाठवणारा यादी साफ करत नाही, हे त्यांना कळतं.

गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून नियम आणखी कडक केले. रोज ५,००० किंवा जास्त मेल जीमेलवर पाठवणाऱ्याकडे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही ओळखी हव्यात, प्रचाराच्या मेलमध्ये एका टॅपवर बाहेर पडायची सोय हवी, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात. एसपीएफ म्हणजे 'आमच्या वतीने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात' याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. या दोन्हींत ओळख पटली नाही तर मेलचं काय करायचं, ही सूचना म्हणजे डीमार्क.

आणि हो, साध्या जीमेल खात्यातून मोठी यादी चालवायला जाऊ नका. तिथे दिवसाला साधारण ५०० ची मर्यादा आहे. ती ओलांडली की पाठवणं काही काळ बंद होतं.

## लिस्ट सॉफ्टवेअर निर्णय कसा घेतं?

हजारो बाउन्स हाताने वाचणं शक्य नसतं. म्हणून मेलिंग लिस्टची सॉफ्टवेअर गुण मोजतात. 'मेलमन' या जुन्या आणि मोफत सॉफ्टवेअरचा नियम समजून घेतला की बाकीच्यांचं तर्कशास्त्रही कळतं. त्याच्या २.१ आवृत्तीची मूळ सेटिंग अशी आहे:

- हार्ड बाउन्सला १ गुण, सॉफ्टला अर्धा गुण.
- एका सदस्याचा दिवसाला एकच बाउन्स मोजायचा.
- ५ गुण झाले की त्या सदस्याला मेल पाठवणं थांबवायचं, पण नाव लगेच काढायचं नाही.
- त्यानंतर सात-सात दिवसांनी तीन इशारे पाठवायचे. तरीही उत्तर नाही आलं तर नाव काढायचं.
- मध्ये सात दिवस एकही बाउन्स आला नाही तर आधीचे गुण पुसून टाकायचे.

शेवटचा नियम नीट बघा. रोज मेल जाणाऱ्या यादीसाठी तो उत्तम आहे. पण तुमची संस्था महिन्यातून एकदाच मेल पाठवत असेल, तर दर वेळी जुने गुण पुसले जातील आणि मेलेला पत्ता वर्षानुवर्षं यादीत राहील. म्हणून मुदत तुमच्या वेगाप्रमाणे बदला. महिन्याला एक मेल जात असेल तर ही मुदत तीन-चार महिन्यांची ठेवा आणि गुणांची मर्यादा कमी करा.

दुसरी अडचण म्हणजे वळवलेले पत्ते. समजा विद्यार्थ्याने यादीत कॉलेजचा पत्ता दिला आणि त्यावरचे मेल स्वतःच्या खासगी खात्याकडे वळवले. ते खासगी खातं बंद पडलं की बाउन्समध्ये असा पत्ता दिसतो, जो तुमच्या यादीत नाहीच! मग कुणाचा बाउन्स आहे हे ओळखायचं कसं? यावर १९९७ मध्ये डॅनियल बर्नस्टीन यांनी 'व्हर्प' नावाची युक्ती पुढे आणली. प्रत्येक सदस्यासाठी पाकिटावरचा परतीचा पत्ता वेगळा ठेवायचा आणि त्यातच त्या सदस्याची खूण घालायची. बाउन्स ज्या पत्त्यावर परत आला, त्यावरून सदस्य कळतो. बहुतेक मोठ्या ईमेल सेवा आज हीच कल्पना वापरतात.

## घाई केली की काय होतं? दोन खऱ्या घटना

एप्रिल २०१४: याहूने आपल्या डोमेनसाठी डीमार्कचा नियम एकदम कडक केला. मेलिंग लिस्टमधून जाणारा मेल मधल्या सर्व्हरवरून फिरून जातो, त्यामुळे याहूच्या सदस्याने लिस्टवर टाकलेला मेल जीमेलसारख्या सेवा नाकारू लागल्या. बाउन्सचे गुण कोणाच्या खात्यात गेले? मेल घेणाऱ्यांच्या! मेल लिहिणारा एक जण, आणि यादीतून बंद झाले ते दुसरेच, ज्यांचे पत्ते एकदम व्यवस्थित होते.

डिसेंबर २०२०: १४ तारखेला गूगलच्या बहुतेक सेवा जगभर बंद पडल्या. त्यानंतर लगेचच जीमेलचे सर्व्हर काही तास चालू असलेल्या पत्त्यांसाठीही ५५० ५.१.१, म्हणजे 'असं खातंच नाही', असं उत्तर देत होते. ज्यांच्या यंत्रणा एका हार्ड बाउन्सवर पत्ता कायमचा काढत होत्या, त्यांनी खऱ्या लोकांची नावं गमावली आणि नंतर ती परत घालत बसावं लागलं.

यातून धडा असा की एकाच दिवशी, एकाच सेवेचे पत्ते ढिगाने बाउन्स झाले तर शंका यादीवर घेऊ नका. बिघाड तुमच्या सेटिंगमध्ये किंवा त्या सेवेत आहे. दोन-तीन दिवस थांबा, मग एकदा पुन्हा पाठवून बघा.

## प्रत्यक्ष काय करायचं?

१. शीट बनवा. गूगल शीट्समध्ये पाच रकाने: पत्ता, तारीख, कोड, प्रकार, पुढे काय केलं.

२. टायपिंगच्या चुका आधी बघा. 'जीमेल' च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये अक्षरांची अदलाबदल, शेवटच्या 'कॉम' मधलं एक अक्षर गायब, पत्त्यात मोकळी जागा. पण अंदाजाने दुरुस्त करून लगेच पाठवू नका, त्या माणसाला विचारून खात्री करा. गावांची, आडनावांची इंग्रजी स्पेलिंग आपल्याकडे दहा प्रकारे होतात.

३. हार्ड बाउन्स: लगेच पाठवणं थांबवा, पण ओळ डिलीट करू नका. 'थांबवलेले' असा शेरा मारा. काही दिवसांनी एकदा पाठवून बघा, पुन्हा तेच उत्तर आलं तर तो पत्ता कायमचा बंद समजा.

४. सॉफ्ट बाउन्स: ठेवा. सलग तीन ते पाच वेळा आला तर थांबवा.

५. ब्लॉक: पत्ता ठेवा, कारण शोधा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तपासा.

६. माणसाला दुसऱ्या मार्गाने गाठा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. थांबवलेल्या पत्त्यांची यादी काढा आणि फोन, एसएमएस किंवा व्हॉट्सअॅपवर एक साधा निरोप द्या: "तुमचा ईमेल बंद दिसतोय, नवीन पत्ता कळवा." ईमेल परत आला म्हणजे पत्ता गेला, सदस्य गेला असं नाही.

७. पाठवताना सगळे पत्ते बीसीसीमध्ये टाका. नाहीतर प्रत्येकाला सगळ्यांचे पत्ते दिसतात. आणि 'तुमची यादी मोफत तपासून देतो' म्हणणाऱ्या अनोळखी वेबसाइटवर लोकांचे पत्ते चढवू नका.

## मुळात पत्ता बरोबर घ्या

बाउन्स कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय फॉर्म भरतानाच असतो. ऑनलाइन सेंटरवर किंवा झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरला की अनेकदा ईमेलच्या रकान्यात दुकानदाराचा पत्ता पडतो, किंवा तिथेच घाईत नवीन खातं काढलं जातं आणि पासवर्ड कोणाला आठवत नाही. पहिल्या प्रकारात बाउन्स येतच नाही, पण मेल भलत्याच माणसाकडे जातो. दुसऱ्यात बाउन्स काही वर्षांनी येतो, कारण दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल हटवू शकतं. हे धोरण २०२३ मध्ये जाहीर झालं आणि त्या वर्षीच्या डिसेंबरपासून लागू झालं.

म्हणून गूगल फॉर्ममध्ये ईमेल घेताना 'व्हेरिफाइड' पर्याय निवडा. त्यात ज्या खात्याने लॉगिन केलंय तोच पत्ता येतो, टायपिंगची चूक होत नाही. इतर ठिकाणी आधी एक मेल पाठवून त्यातली लिंक टॅप केल्यावरच नाव यादीत घ्या. आणि ईमेलसोबत मोबाइल नंबर घ्यायला विसरू नका.

## खोट्या बाउन्सपासून सावध!

'तुमचा मेल पोहोचला नाही, तो पाहण्यासाठी इथे लॉगिन करा' असा मेल आला तर थांबा. खरा बाउन्स कधीच पासवर्ड मागत नाही. तुम्ही न पाठवलेल्या मेलचे बाउन्स येत असतील, तर कोणीतरी पाकिटावर तुमचा पत्ता खोटा टाकून मेल पाठवत असेल. अशा वेळी 'पाठवलेले' फोल्डर तपासा. तिथे अनोळखी मेल दिसले तर पासवर्ड लगेच बदला आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा.

## नेहमीचे प्रश्न

बाउन्स आला नाही म्हणजे मेल मिळालाच ना?
नाही. तो स्पॅममध्ये पडला असेल, किंवा चुकीचा असूनही दुसऱ्या कुणाचा चालू पत्ता असेल. महत्त्वाच्या सूचनेसाठी उत्तर किंवा फॉर्म मागवा.

मेल आपोआप आलेल्या उत्तरासारखा दिसतोय, 'मी रजेवर आहे' असं लिहिलंय. हा बाउन्स आहे का?
नाही. मेल पोहोचलाय. पत्ता काढू नका.

जीमेलच्या पत्त्यात टिंब राहिलं तर बाउन्स येईल का?
नाही. जीमेल डॉट कॉमच्या पत्त्यात नावातली टिंबं मोजली जात नाहीत. इतर सेवांमध्ये मात्र मोजली जाऊ शकतात.

यादी किती दिवसांनी साफ करायची?
प्रत्येक मोठ्या मेलनंतर बाउन्स बघा आणि शीटमध्ये नोंद करा. वर्षभर कधीच न वापरलेली यादी असेल तर एकदम सगळ्यांना पाठवू नका, दोनशे-तीनशेच्या तुकड्या करा आणि प्रत्येक तुकडीनंतर बाउन्स बघून पुढे जा.

## थोडक्यात

कोडचा पहिला अंक बघा, मग कारण बघा. 'राहत नाही' असेल तर थांबवा, 'दार बंद' असेल तर वाट बघा, 'घेण्यास नकार' असेल तर स्वतःची सेटिंग तपासा. आणि थांबवलेल्या प्रत्येक पत्त्यासमोर एक फोन नंबर आहे का ते बघा. ग्रामीण भागात अजूनही अनेकांचा ईमेल दुसऱ्या कुणीतरी काढून दिलेला असतो. तो बंद पडला हे त्यांना स्वतःलाही माहीत नसतं. ते त्यांना कळवू शकेल अशी व्यक्ती बहुतेक वेळा एकच असते: ज्याच्या फोनवर तो बाउन्स येऊन पडलाय.